अकराव्या दिवसाचं काय?

दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलेल्या कुणालाही विचारा, "कसं होतं?" समोरचा तासभर बोलेल. पहाटे चारची घंटा, मौन, दुखणारे गुडघे, चौथ्या दिवशी बॅग भरून पळावंसं वाटणं, दहाव्या दिवशी मौन सुटल्यावर स्वतःचाच आवाज परका वाटणं, सगळं सगळं सांगेल. मग त्यालाच विचारा, "आता रोज बसतोस का?" आणि बघा विषय किती पटकन बदलतो ते.

मी त्यांच्यातलीच एक. मास कॉमची शेवटची परीक्षा संपली होती, इंटर्नशिप सुरू व्हायला तीन आठवडे होते, त्या मधल्या मोकळ्या वेळात इगतपुरीला जाऊन आले. परत येताना कसाऱ्याला लोकल पकडली, खिडकी मिळाली, आणि आसनगाव येईपर्यंत फोन चालूच केला नाही. डोंबिवलीला उतरले तेव्हा खात्री होती की आता आयुष्यात कुणावर ओरडायची वेळ येणार नाही. आईला तसं सांगूनही टाकलं. ही चूक झाली. कारण पुढच्या महिन्यात चार्जरवरून दादावर जी काही खेकसले, ती ऐकून आई स्वयंपाकघरातून शांतपणे म्हणाली, "झालं का दहा दिवसांचं?"

तोपर्यंत माझं बसणं बंद होऊन आठवडा झाला होता. घरी कुणाला पत्ताही नव्हता. मी पहाटेचा गजर लावायचे, बंद करायचे, आणि झोपायचे.

आता यावर ठरलेलं भाषण मला माहितीये, तुम्हालाही असेल. तुमच्या पिढीला चिकाटी नाही. सगळं झटपट हवं. मोबाइल बाजूला ठेवा. मीही स्वतःला हेच ऐकवत होते. पण गेल्या काही महिन्यांत माझं मत बदललंय, आणि तेच सांगायला हा लेख लिहितेय. शिबिर संपल्यावर ध्यान सुटतं, ते आपण आळशी असतो म्हणून सुटत नाही. निदान तेवढ्यासाठी नाही. ते सुटतं, कारण ते दहा दिवस नक्की कशावर उभे होते हे आपल्या लक्षातच आलेलं नसतं.

ज्यांनी केलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सत्यनारायण गोएंका हे ब्रह्मदेशात जन्मलेले व्यापारी. अर्धशिशीने हैराण झाले होते, त्यातून १९५५ मध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ध्यान शिकायला गेले. १९६९ मध्ये ते भारतात आले आणि त्यांनी मुंबईतल्या एका धर्मशाळेत पहिलं शिबिर घेतलं. इगतपुरीचं धम्मगिरी १९७६ पासून सुरू आहे. तिथे पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा, म्हणजे आनापान. चौथ्या दिवशी विपश्यना देतात, आणि मग अंगभर लक्ष फिरवत जे जाणवेल ते बघत राहायचं. चारला घंटा, साडेचारला बसायचं, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला नव्यांना चहा आणि फळं वगैरे, साडेनऊला दिवे बंद. दिवसाला साधारण दहा तास बसणं. फोन जमा, वही-पेन जमा, पुस्तक नाही, बोलणं नाही. फी नाही, आधी शिकून गेलेल्यांच्या दानावर सगळं चालतं.

आता हेच वेळापत्रक दुसऱ्या बाजूने वाचा. चारची घंटा कुणीतरी वाजवतं. साडेसहाचा नाश्ता कुणीतरी रांधलेला असतो. स्वयंपाकघरात आणि वाढायला राबणारे धम्मसेवक म्हणजे आधीच्या शिबिरांचे साधक, पैसे न घेता आलेले. पाणी आलं की नाही, गॅस संपला का, पाहुणे कोण येणार, कशाकशाची चिंता माझ्याकडे नव्हती. दहा दिवस मी बसू शकले, कारण माझ्या वाटचं सगळं उभं राहून करणारी माणसं तिथे होती. अकराव्या दिवशी ती माणसं मागे राहिली आणि मी एकटीच घरी आले, वर अपेक्षा अशी की घरीही तसंच जमलं पाहिजे.

आमचं घर वन रूम किचन. आई, बाबा, दादा, आजी आणि मी. सकाळी सव्वासहाला पाणी येतं आणि सातला जातं, त्या पाऊण तासात घरातला प्रत्येक हंडा, पिंप, बादली भरायची असते. साडेसहाला दूधवाला. सातला मिक्सर. आजीचा रेडिओ त्याच्याही आधी. तीन दिवस माझी रात्रपाळी असते, डेस्कवरून सुटून घरी पोचायला साडेबारा-एक वाजतो. जाताना सांगितलेलं असतं, सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, शिवाय आठवड्यातून एकदा इतरांबरोबर सामूहिक साधना. सांगणारे चुकीचं सांगत नाहीत. विद्या टिकवायची तर एवढं घालावंच लागत असेल. पण दिवसाचे दोन तास म्हणजे नुसते एकशेवीस मिनिटं नव्हेत हो. दोन तास म्हणजे एक दार जे आतून लावता येतं, आणि घरातलं कुणीतरी जे त्या वेळात तुमचं काम करतं. ज्याच्याकडे ही दोन्ही आहेत त्याची चिकाटी फार लवकर दिसून येते.

आणि इथे मुलग्यांनो, जरा कान इकडे. माझ्या ओळखीत घरी नियमित बसणारे चार जण आहेत, तीन पुरुष आहेत. एका मित्राचे वडील रोज पहाटे पाच ते सहा बसतात, त्या तासात घरात भांडं वाजत नाही. फार छान वाटतं बघायला. पण ते भांडं न वाजवणारी बाई कधी बसते, हे मी विचारलं तेव्हा तो मित्र जरा वेळ गप्प झाला. आमच्याकडे दादाच्या परीक्षेच्या अभ्यासाला घर शांत होतं. मी डोळे मिटून बसले की मात्र, "अगं झोपलीस का? जरा कुकरच्या शिट्ट्या मोज." कुणी दुष्टपणाने म्हणत नाही. बसलेली मुलगी म्हणजे मोकळी मुलगी, हे घराच्या अंगवळणी पडलंय, एवढंच.

दुसरी गडबड मी स्वतः केली. तास किंवा काहीच नाही, असं ठरवून टाकलं. चाळीस मिनिटं मोकळी असतील तर म्हणायचे, पूर्ण तास नाही होणार, राहू दे, संध्याकाळी बघू. संध्याकाळी लोकल. दोन दिवस गेले की वाटायचं, आता काय, तुटलंच. तुटलेलं जोडण्यापेक्षा नव्याने दहा दिवस करून येऊ, मग नीट सुरुवात करू. असं म्हणत तीन-तीन वर्षं काढलेली माणसं मला भेटलीयेत. त्यातला एक सीनियर तर तीन शिबिरं करून आलाय आणि घरी सलग पंधरा दिवस कधीच बसलेला नाही.

या "तुटलं" प्रकरणाचं मूळ शोधताना एक गंमत सापडली. २१ दिवसांत सवय लागते, हे वाक्य तुम्ही रीलमध्ये शंभरदा ऐकलं असेल. ते आलंय मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीसेक दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. "निदान" हा शब्द वाटेत कुठेतरी गळून पडला. आणि चेहऱ्याच्या जागी पहाटे उठणं, साखर सोडणं, ध्यान करणं, काय वाट्टेल ते येऊन बसलं.

खरोखर मोजून बघितलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ९६ जणांनी खाण्या-पिण्याची किंवा व्यायामाची एकेक साधी गोष्ट निवडली, ती रोज एका ठरावीक प्रसंगाला जोडून बारा आठवडे करायची होती. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गोष्ट अंगवळणी पडायला लागणारे दिवस मधोमध धरले तर ६६, पण माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ पर्यंत. म्हणजे तुमच्या मैत्रिणीचं तीन आठवड्यांत जमलं आणि तुमचं आठ महिन्यांत, तरी दोघी नॉर्मल. मला मात्र यातली दुसरी गोष्ट जास्त आवडली. मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नव्हता. एक दिवस चुकला, दुसऱ्या दिवशी परत केलं, गाडी पुढे. हा अभ्यास ध्यानावरचा नाही हे मान्य. पण चुकलेल्या एका दिवसाचं आपण जे सुतक पाळतो, ते कशाच्या जोरावर पाळतो हे मला आता कळत नाही.

म्हणून मी ध्यानाची ॲप फोनमधून काढून टाकली. तुम्हाला उपयोगी पडत असतील तर जरूर ठेवा. माझं काय झालं सांगते. सलग अकरा दिवसांची स्ट्रीक झाली होती. बाराव्या दिवशी रात्रपाळीहून येताना लोकलमध्ये उभ्या उभ्या मी ॲपचा टायमर लावला आणि घाटकोपर ते ठाणे रील्स बघितल्या. स्ट्रीक वाचली! बारा झाले! मन एकाग्र करायला घेतलेली वस्तू, आणि मी तिच्याशीच खोटं बोलत होते. शून्य दिसलं असतं तर निदान खरं तरी दिसलं असतं.

बाहेरच्या देशांतही काही वेगळं नाही बरं का. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा कोर्स सुरू केला, त्याच धर्तीचे कोर्स आता जगभर चालतात. रोज घरी पाऊण तास सराव करायला सांगतात. २०१७ मध्ये अशा ४३ अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तर लोक सांगितलेल्याच्या सरासरी ६४ टक्के सराव करत होते. तोही कोर्स चालू असताना, दर आठवड्याला शिक्षकासमोर जायचं असताना. मग आपण कोर्स संपल्यावर, कुणी विचारणारं नसताना, शंभर टक्क्यांच्या खाली आलो की स्वतःला नापास का करतो?

यावर एक आक्षेप मला माहितीये, कारण तो माझ्याच मनात येतो. असं प्रत्येकाने आपापल्या सोयीने कापत गेलं तर शेवटी उरेल काय? पाच मिनिटं डोळे मिटले, झालं ध्यान? आक्षेप खोटा नाही. दहा मिनिटांत मन जेमतेम जागेवर येतं, खरं काम त्यानंतर सुरू होतं, हे ज्यांनी तासभर बसून पाहिलंय त्यांना ठाऊक आहे. मी वीस मिनिटांना तासाइतकं म्हणतच नाहीये. माझं म्हणणं एवढंच की वीस मिनिटं बसणारीला कधीतरी रविवारी तास मिळतो. न बसणारीला रविवारीही मिळत नाही. मी बघितलंय.

आणि संसारात राहून बसणं ही काही तडजोड नाही. गोएंकांना शिकवणारे ऊ बा खिन कुणी मठातले भिक्खू नव्हते. ते स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल होते, म्हणजे फायली, सह्या, हिशेब. कार्यालयातल्या लोकांनाही ते ध्यान शिकवायचे. नोकरी करत, वेळ काढत केलेल्या साधनेचीच ही परंपरा आहे. (अर्थात महालेखापालांच्या घरी पाणी कोण भरत होतं, ते कुठे वाचायला मिळालं नाही.)

तर मग मी काय केलं? सगळ्यात अवघड गोष्ट केली. घरी मागितलं. आत्तापर्यंत मी चोरून वेळ काढत होते. सगळे उठायच्या आधी, सगळे झोपल्यावर, कुणाला त्रास नको म्हणून. एका रविवारी जेवताना सांगितलं, मला रोज सकाळी सात ते साडेसात हवेत. पाणी भरून झाल्यावर. तेवढ्यात मला हाक मारायची नाही. बाबा म्हणाले, बस की, कोण अडवतंय. दादा हसला. आई ताटात बघत म्हणाली, "तू बस. मी कधी बसू?"

मला वाटलं टोमणा आहे. तो टोमणा नव्हता. तिला ध्यानबिन काही करायचं नव्हतं, तिला अर्धा तास हवा होता, ज्यात तिला कुणी काही मागणार नाही. चोवीस वर्षांत तिने तो मागितला नव्हता, कारण मागायची वस्तू आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. आणि मी दहा दिवस जाऊन आले, कणाकणातली संवेदना बघून आले, पण शेजारी उभी असलेली ही बाई काही मला दिसली नाही.

आता आमच्याकडे असं आहे. सात ते साडेसात माझे. आजीचा रेडिओ चालू असतो, मिक्सर चालू असतो, मी स्वयंपाकघराच्या ओट्यापासून सहा फुटांवर भिंतीला टेकून बसते. साडेसात ते आठ आईचे. त्या वेळात डबे मी भरते, पोळ्या दादा भाजतो. हो, भाजतो, आणि बऱ्या भाजतो. आई गॅलरीत चहा घेऊन रस्त्याकडे बघत बसते. मी तिला आनापान वगैरे काही शिकवलेलं नाही. आपण शिकून आलो म्हणून घरच्यांना शिकवायला लागू नका, असं आम्हाला बजावलं होतं, आणि तिच्या चहात माझी भर पडायची गरजही नाही.

रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी माझं चुकतं. आठवड्यातून एकदा तरी चुकतंच. पूर्ण तास होतो तो फक्त सुट्टीच्या दिवशी. गोराईच्या पॅगोडात जुन्या साधकांसाठी एक दिवसाची शिबिरं असतात. बोरिवलीला उतरून खाडी ओलांडून दोनदा जाऊन आले. एकटीने ओढण्यापेक्षा चार जणांत बसणं किती सोपं असतं, हे तिथे गेल्यावर आठवतं. तुमच्या शहरात जवळपास सामूहिक साधना चालत असेल, चौकशी करा. वर्षातून एकदा दहा दिवसांच्या मोठ्या बाता मारण्यापेक्षा आठवड्याचा तो एक तास जास्त कामाचा, असं आपलं माझं मत.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी, कारण आपल्या वयात अनेक जण ध्यानाकडे येतात ते मन बरं नसतं म्हणून. मीही परीक्षेच्या काळात रात्र रात्र जागी असायचे, त्यातूनच गेले होते. ध्यान हे औषध नाही. डोळे मिटल्यावर जीव घाबरा होत असेल, आठवणी अंगावर येत असतील, झोप उडत असेल, तर अजून जोर लावून बसायचं नसतं. थांबायचं, आणि मानसोपचारतज्ज्ञाशी बोलायचं. कुणाकडे जावं कळत नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ वर फोन करा, मराठीतही बोलतात. नियमित बसत नाही म्हणून तुला त्रास होतोय, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आईने परवा मला विचारलं, ओरडणं कमी झालं का माझं, तुला काय वाटतं? मी म्हटलं, तूच सांग. ती म्हणाली, ओरडतेस तेवढीच, पण आता लवकर थांबतेस.

येत्या रविवारी ठाण्याला आठची सामूहिक साधना आहे. म्हणजे साडेसहाला घराबाहेर पडायला हवं, आणि पाणी सव्वासहाला येतं. दादाला सांगून ठेवलंय. तो "हो" म्हणालाय, फोनमधून मान वर न काढता. बघू उठतो का.